मामांचा रकाना

बोम्मसंद्रा, बेंगळुरू
रविवार, ता. ७ (आज कारखान्याला सुट्टी, म्हणून अक्षर बरं आहे)

तीर्थरूप आप्पाजीमामा यांच्या चरणी त्यांचा भाचा योगीराज (वय वर्षे त्रेपन्न) याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग फक्त कागदावर समजावा. प्रत्यक्षात माझी कंबर गेल्या महिन्यापासून आठांपैकी पाचच अंगांना जमिनीपर्यंत जाऊ देते.

तुमचा गुडघा कसा आहे? रत्नामामींचा राग कसा आहे? (मागच्या वेळी मी निपाणीला आलो तेव्हा दोन्हींवर तेल चोळणं चालू होतं. गुडघ्याला उतार पडला होता.) इकडे आम्ही सर्व ठीक. तुमची सूनबाई (म्हणजे माझी बायको) तुमची आठवण काढते, विशेषतः मी काही विसरलो की, कारण विसरभोळेपणा मला आजोळाकडून आला असं तिचं ठाम मत आहे. तुम्ही म्हणाल, हल्ली पत्र कोण लिहितं, फोन करायचा. पण मामा, फोनवर तुम्ही "हं, बरं, ठेव" एवढ्यावर माणसाला संपवता, आणि मला जे सांगायचंय ते मोठं आहे. पत्र तुम्हाला मधेच कापता येणार नाही. सूनबाई म्हणाली, एआयला सांगा, अर्ध्या मिनिटात लिहून देईल. त्या एआयपायीच तर हे पत्र लिहायची पाळी आली आहे.

झालं असं. आमची कंपनी पंप बनवते हे तुम्ही जाणताच. पण हल्ली कंपन्यांना नुसते पंप बनवून भागत नाही, समाजाचंही थोडं भलं करावं लागतं आणि त्याचे फोटो काढावे लागतात. मागच्या वर्षी आम्ही एका टेकडीवर चारशे रोपं लावली. फोटो उत्तम आले. रोपं शेळ्यांनी खाल्ली. (शेळ्यांचं भलं झालं, पण ते अहवालात धरत नाहीत.) या वर्षी वरून हुकूम आला की खेड्यातल्या तरुण मुलामुलींना डिजिटल आणि एआय कौशल्यं शिकवायची. आमच्या ऑफिसात प्रियदर्शनी नावाची पुण्याची मुलगी हे सगळं बघते. तिनं आनेकलच्या पलीकडचं सीबेपाळ्य हे गाव निवडलं आणि तिथे गेल्यावर तिला कळलं की निम्मं गाव जुन्या मराठा घराण्यांचं आहे. कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर जे काही बोलतात ते फक्त त्यांचं त्यांनाच कळतं. प्रियदर्शनीनं तिथे ओळखीपाळखीच्या खेळासाठी "आपण एक छोटासा आइसब्रेकर घेऊया" असं म्हटल्यावर एक आजोबा उठून दूध सोसायटीच्या फ्रीजमधला बर्फ घेऊन आले. तेव्हा दोन्ही भाषा येणारा माणूस हवा असं मीटिंगमध्ये ठरलं आणि तेहतीस माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. निपाणीत जन्मल्याचा असा तोटा मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

मी स्टोअर सांभाळणारा माणूस. एआयशी माझी ओळख इतकीच, की इडली भांड्याला का चिकटते हे मी त्याला एकदा विचारलं होतं. त्यानं नऊ कारणं दिली. दहावं सूनबाईनं दिलं, तेच खरं निघालं. तर अशा मला जयनगरच्या एका हॉलमध्ये दोन दिवस शिक्षक होण्याचं शिक्षण मिळालं. पहिल्या दिवशी आम्हाला गोल उभं करून एकमेकांकडे चेंडू टाकायला लावला. (का, ते अजून कळलेलं नाही. माझ्याकडे आलेला चेंडू मी सवयीनं जमा करून घेतला आणि चिठ्ठीशिवाय परत द्यायला नाही म्हटलं. तिथे तो खेळ संपला.) दुसऱ्या दिवशी सांगितलं की यंत्राला काम सांगायचं ते सविस्तर सांगावं, काही मोघम ठेवू नये. हे मात्र मला एकदम पटलं. एकतीस वर्षं मी दुसरं काय सांगतोय? माल आला की आवक-चिठ्ठीचा एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा रकाना दिसला की पुढे कुणीतरी त्यात स्वतःच्या मनानं काहीतरी लिहितं आणि हजर नसलेला माल हजर होतो. या एका नियमाच्या जोरावर पाच मॅनेजर आले आणि गेले, मी आहे.

वर्ग भरायचा दूध सोसायटीच्या खोलीत. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं येईपर्यंत खोली आमची. चौदा मुलंमुली, दोन लॅपटॉप, एक वजनकाटा आणि वास. पहिल्या दिवशी "माऊस म्हणजे काय" यावर मी वीस मिनिटं बोललो. मुलं शांत बसली होती, मला वाटलं भारावली. मग कळलं की पहिल्या बाकावरच्या महानंदाचे गुलाबशेतीचे व्हिडिओ चाळीस हजार लोक बघतात आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून तिनं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं. ही मुलगी बी.कॉम. झालेली, हुशार, आणि मोठ्या माणसाची चूक दाखवायची ती इतक्या अदबीनं की आपल्याला सत्कार झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी एकानं यंत्राला विचारलं, "गौरी दोन दिवस खात नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही, काय करू?" यंत्र म्हणालं, तिला थोडा एकांत द्या, तिच्याशी मोकळेपणानं बोला, आणि तिच्या निर्णयाचा आदर करा. आता गौरी ही गाय. मी टेबलावर हात आपटला (दुधाचं माप पडलं) आणि म्हणालो, बघा, "प्रकार" हा रकाना रिकामा राहिला की काय होतं! त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा नियम ठरला. यंत्राला काहीही सांगा, शेवटची ओळ ठरलेली: "एकही रकाना रिकामा ठेवू नकोस." मुलांनी ती भिंतीवर लिहिली. मी तिच्याशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला.

आता मुख्य गोष्ट. अभ्यासक्रमात असं होतं की वर्गानं मिळून गावाच्या उपयोगाचं एक खरं काम करायचं. नेमकं महानंदाचं लग्न ठरलेलं, येत्या एकवीस तारखेचं, होसूरच्या मंडळींकडे. तेव्हा तिची लग्नपत्रिका करायची ठरलं, मराठीत आणि कन्नडमध्ये. मी रीतसर तक्ता आखून दिला: आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, प्रेषक, स्थळ, मुहूर्त. महानंदानं सगळं भरलं. फक्त "मामा" यापुढे एक छोटीशी रेघ ओढली, कारण तिच्या आईला, कृष्णाबाईंना, भाऊच नाही. मी ती रेघ पाहिली का? पाहिली. मला काही वाटलं का? तेव्हा नाही. मी नेहमीची शेवटची ओळ स्वतःच्या हातानं टाकली आणि बटण दाबलं. यंत्रानं आज्ञाधारकपणे पत्रिका केली, आणि अगदी सुरेख केली.

ती चौदा जणांनी तपासली. मी तपासली. महानंदाचे वडील रघुजीराव यांनी दोनदा तपासली. पण मामा, लग्नपत्रिका कशी तपासतात हे तुम्हाला काय सांगावं! जो तो आपलं नाव शोधतो, मानाप्रमाणे जागेवर आहे ना, पुढे "राव" लागलंय ना, एवढं बघतो आणि छान झालीय म्हणून पुढच्याकडे देतो. मीही खाली "मार्गदर्शक : श्री. योगीराज" असं वाचलं आणि तिथेच विरघळलो. चिकपेटेतल्या छापखान्यात सहाशे प्रती छापल्या. पहिली ग्रामदेवतेपुढे ठेवली (देवीनं काही हरकत घेतली नाही), चारशे एका आठवड्यात हळदीकुंकू लावून वाटून झाल्या, आणि मानाची पत्रिका घेऊन रघुजीराव आणि मी होसूरला व्याह्यांकडे गेलो.

हे व्याही, नागनाथराव, भुसार मालाचे व्यापारी. पत्रिका संपूर्ण वाचणारा मी आयुष्यात पाहिलेला हा एकमेव गृहस्थ. चष्मा पुसला, कुटुंबाला समोर बसवलं, आणि गणपतीच्या नावापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत मोठ्यानं वाचायला लागले. मधे थांबले. पुन्हा वाचलं. "वधूचे मामा : श्री. पुरुषोत्तमराव मोहिते, निवृत्त उपजिल्हाधिकारी, आणि सौ. भार्गवी." मग रघुजीरावांकडे पाहून म्हणाले, "काय हो, एवढा मोठा माणूस घरात, आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाही?"

मी रघुजीरावांकडे पाहिलं. रघुजीराव गुलाब पिकवणारा अत्यंत मवाळ माणूस, व्याह्यांपुढे त्यांना पाणी मागायलाही संकोच होतो. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळे रंग एकामागून एक निघून गेले आणि ते म्हणाले, "ते स्वल्प, म्हणजे जरा, साधे आहेत. मोठेपणा सांगितलेला त्यांना आवडत नाही." झालं! नागनाथरावांना असा माणूस फारच आवडला. उपजिल्हाधिकारी आणि साधा! त्यांनी विचारलं, मामांना जेवायला काय लागतं? रघुजीराव म्हणाले, गोड. उतरणार कुठे? माझ्याकडे बोट झालं. नागनाथरावांच्या शेताच्या वाटेचा काही जुना तंटा आहे, त्याची फाइल ते मांडवातच मामांना दाखवणार आहेत. तेवढ्यात त्यांच्या मंडळींनी पत्रिकेच्या तळाशी "आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं! – मल्हार, सुखदा" हे वाचलं आणि ही गोड मुलं कुणाची म्हणून विचारलं. तीही यंत्राचीच भर. मी म्हणालो, मामांची नातवंडं. (मामा, मी हे का म्हणालो ते मला विचारू नका. रकाना दिसला आणि तोंडातून निघून गेलं.)

परत येऊन वर्गाची तातडीची बैठक घेतली. पहिल्यांदा यंत्रालाच जाब विचारला. त्यानं इतक्या वेळा माफी मागितली की आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं, आणि शेवटी मामांचं दोन पानी चरित्र लिहून देऊ का म्हणून विचारलं. प्रियदर्शनी म्हणाली, दुरुस्ती छापून वाटूया. तिला रघुजीरावांच्या आईनं समजावलं की कुंकू लावून दिलेली पत्रिका परत मागणं म्हणजे अपशकुन, दुसरी द्यायची तर लग्नही दुसरं ठरवावं लागेल. एक मुलगा म्हणाला, मामांना परदेशी पाठवा. पण नागनाथराव व्हिडिओ कॉल करतील. दुसरा हळूच म्हणाला, मामा वारले असं सांगूया, आणि त्यानं तेवढ्यात यंत्राकडून हार घातलेला फोटोही करून घेतला. (चेहरा भारदस्त होता. मला क्षणभर खरंच वाईट वाटलं.) पण मामा गेले की कृष्णाबाईंना सुतक आलं, आणि सुतक आलं की मुहूर्तच गेला. म्हणजे हा नसलेला माणूस मारायचीही सोय नाही! एकतीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही, आणि इथे मी एक सबंध उपजिल्हाधिकारी जास्तीचा जमा करून बसलो होतो.

सगळे गेल्यावर महानंदा काटा पुसत थांबली होती. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "सर, चूक झाली ते सरी, ठीक आहे. पण ते नाव छापलेलं बघून मला बरं वाटलं बघा. कुठल्याही लग्नात भटजी 'मामा, मुलीला आणा' म्हणाले की आमची अम्मा खाली मान घालते. लहानपणापासून बघतेय." आणि हसून काटा पुसायला लागली. मामा, माझ्या लग्नात तुम्ही मागे उभे राहून सगळी मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या पाठीत बोट खुपसत होतात, ताठ उभा राहा म्हणून. मला तेव्हा राग आला होता. आज ते बोट आठवून डोळ्यांत पाणी आलं. कुणाच्या पाठीमागे कुणीच नसतं, आणि मी त्या रिकाम्या जागेला नियम लावला!

असो. इकडची हवा बरी आहे. पाऊसपाणी ठीक. तुम्हाला उगाच एक गंमत कळवावी म्हणून लिहिलं, दुसरं काही कारण नाही. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

आपला आज्ञाधारक भाचा,
योगीराज

ता. क. १ : तुमच्या कोटाचं माप काय आहे? सहज विचारतो.

ता. क. २ : बरं, सांगूनच टाकतो. एकोणीस तारखेच्या निपाणी–बेंगळुरू बसची दोन तिकिटं सोबत जोडली आहेत. तुम्ही एक दिवस पुरुषोत्तमराव व्हायचं. फार बोलायचं नाही, गोड खायचं, आणि नागनाथरावांनी फाइल काढली की "बघतो" म्हणून चष्मा काढायचा. अधिकारी एवढंच करतात, मी खूप पाहिले आहेत. मोठी अडचण अशी की मामींना सौ. भार्गवी व्हावं लागेल. हे त्यांना तुम्ही सांगा. मी लांब राहतो, पण इतका लांब नाही.

ता. क. ३ (सोमवार) : काल कुरिअरचं दुकान बंद होतं म्हणून पत्र राहिलं, आणि आज वर्गात ते वजनकाट्यावर ठेवून मी चहाला गेलो. येऊन बघतो तर महानंदा वाचत होती. सगळं वाचलं, घडी घातली, आणि बाहेर जाऊन तिनं सरळ नागनाथरावांना स्पीकरवर फोन लावला. रघुजीराव गुलाबाच्या ओळींत जाऊन बसले. मी सोसायटीच्या दारात उभा होतो, कारण लग्न मोडलं असतं तर ते या माझ्या हातांनी मोडलं असतं. तिनं काहीही झाकलं नाही. मामा नाहीत, कधीच नव्हते, नातवंडंही नाहीत, मांडवात खोटा मामा उभा करायचं चाललंय ते मला नको, असं सगळं सांगितलं. नागनाथराव म्हणाले, संशय मलाही होता, घरात उपजिल्हाधिकारी असताना सोयरीक जुळवताना ते सांगायचं कुणी विसरतं का? आणि मग विचारलं, "ते राहू दे. मुलीला मांडवात आणणार कोण?"

तर मामा, वरचं सगळं रद्द. कोट नको, हुद्दा नको, मामींनी मामीच राहावं. (त्यांना पत्र वाचून दाखवताना कृपा करून इथून सुरुवात करा.) मी महानंदाला म्हणालो, माझ्याकडे एक मामा आहेत, चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते, माझ्याशिवाय त्यांना भाचरं नाहीत आणि माझ्यावर ते फारसे खूश नाहीत. ती म्हणाली, चालेल. तुमचं खरं नाव, खरं काम, सगळं तिनं होसूरला कळवलंसुद्धा. मी तुम्हाला विचारायच्या आधीच. खाली तिनं स्वतः लिहिलं आहे. मी ते तपासलेलं नाही.

"आप्पाजीमामा, मला सायब नको, मामा पाहिजे. मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा आहे. तुम्ही येऊन हात धरल्याशिवाय मी उठत नाही, मग भटजी किती का ओरडेनात. – तुमची भाची, महानंदा."